नऊ वारांतले पाच वार

नाव रंभा. असं नाव असलेल्या मुलीच्या ट्रंकेत निदान डझनभर साड्या असतील असं कुणालाही वाटावं. पण त्र्याहत्तर सालच्या श्रावणात रंभा सावळाराम ओव्हाळ शिरूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून रुजू झाली, तेव्हा तिच्याजवळ मोजून दोन साड्या होत्या. एक निळी, गिरणीची सुती, बोटभर पांढऱ्या काठाची. दुसरी हिरवी, नायलॉनची, दौंडच्या बाजारात तासभर घासाघीस करून घेतलेली. त्या दिवसांत नायलॉन म्हणजे चैन समजली जायची. रंभेनं ती चैनीसाठी घेतली नव्हती. पिळून दोरीवर टाकली की अर्ध्या तासात वाळते, एवढंच तिनं पाहिलं होतं. मुलगी धोरणी होती.

वडील सावळाराम दौंडच्या लोकोशेडात खलाशी. इंजिनांचा कोळसा ओढून ओढून त्यांच्या छातीचा भाता झाला होता आणि दोन वर्षांपासून ते कामावर कमी, खाटेवर जास्त असत. नोकरीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो मुलीकडून तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा शेजाऱ्याला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतला. पोरगी आनंदाच्या भरात भलतंच वाचत असली तर काय घ्या! पगारातला निम्म्याहून जास्त भाग दर महिन्याला दौंडला यायचा, हे घरात कुणी ठरवलं नाही. सगळ्यांना ते ठाऊकच होतं. म्हणजे नव्या साडीचं नाव वर्षभर तरी काढायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी आई, भागुबाई, ट्रंकेत घड्या घालून ठेवत होती. दोन साड्यांना घड्या घालायला किती वेळ लागणार? पण तिनं त्या उलगडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा उलगडल्या. मग खाली बघतच म्हणाली, "रंभे, एक ध्यानात ठिव. इरलेलं नेस, ठिगळाचं नेस. पर कुणाचं उतरलेलं अंगाला लावू नगंस."

रंभेला हे नवीन नव्हतं. पाळण्यात असल्यापासून ती हे ऐकत आली होती.

भागुबाई दहा वर्षांची असताना तिच्या माहेरच्या गावात सणाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीतल्या बायकांनी मोठ्या घरांच्या दारात जाऊन उभं राहायचं, अशी रीत होती. वरच्या पायरीवरून जुनी लुगडी खाली टाकली जायची. हातात कुणी देत नसे. भागुबाईच्या आईनं असंच मिळालेलं एक जांभळं लुगडं फाडून पोरीला नेसवलं. पोर हरखून गेली. ते नेसून ती ओढ्यावर निघाली, तर वाटेत त्याच घरातली तिच्याच वयाची मुलगी भेटली. तिनं भागुबाईचा पदर चिमटीत धरला आणि चार जणींच्या देखत ओरडली, "हे आमच्या आईचं लुगडं हाय!" बस्स, एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. पण तिथून घरापर्यंतची वाट भागुबाई त्या लुगड्यात कशी चालली, ते तिनं लेकीला शंभर वेळा सांगितलं होतं आणि शंभराव्या वेळीसुद्धा सांगताना तिचा आवाज बसायचा. पुढं दीक्षेच्या वर्षी तिनं स्वतःच्या मजुरीतून पांढरं लुगडं घेतलं, ते नेसून वंदना म्हटली, आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं की आता या घरात उतरलेलं कापड येणार नाही. तिनं ते आजवर पाळलं होतं. रंभेलाही पाळायचं होतं. आता ते कचेरीत बसून, आठवड्याचे सहा दिवस, दोन साड्यांवर पाळायचं होतं, एवढाच काय तो फरक.

शिरूरला ती आत्याकडे राहिली. आत्या साळूबाई बौद्धवाड्यात एका खोलीत राहायची आणि कांद्याच्या वखारीत निवडटिपण करायची. कपड्यांच्या बाबतीत तिच्याकडे हुन्नर होता. भाताची पेज गाळून तिची खळ कशी करायची, ती सुती साडीला किती द्यायची म्हणजे साडी कडक होते पण पुठ्ठा होत नाही, हे तिनं रंभेला शिकवलं. इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरायचे, फडक्यानं गळा धरायचा आणि तांब्याचं बूड साडीवरून फिरवायचं. अंथरुणाखाली घडी घालून वर झोपलं की निऱ्यांच्या रेघा सुरीसारख्या निघतात, हीही आत्याचीच विद्या.

रंभेनं आपली शक्कल त्यात घातली. साड्या दोन, पण ब्लाऊज तीन: काळा, पांढरा आणि एक पिवळट ठिपक्यांचा. निळीवर पांढरा, हिरवीवर काळा, मग निळीवर काळा, असं फिरवत गेलं की बघणाऱ्याला दरवेळी काहीतरी वेगळं दिसतं, असा तिचा समज. कधी पदर खांद्यावर पिन लावून, कधी मोकळा. चपलांचा पट्टा तुटला तर शिवून त्याला काळं बूट पॉलिश. कापडी पिशवीला आतून खिसा शिवून तिची पर्स केली. पुढं रंभेची तिसाहून जास्त वर्षं नोकरी झाली, घरात आरशाचं कपाट आलं, ते साड्यांनी भरलं. पण त्या पहिल्या वर्षी जेवढी अक्कल तिनं कपड्यांवर खर्च केली तेवढी पुढं कधी करावी लागली नाही.

कचेरीत बायका दोनच. दुसऱ्या सिंधूबाई. वय चाळिशीच्या पुढं, शिरूरपासून चार मैलांवरच्या गावातल्या बागायतदार घरातल्या, नवरा सोसायटीचा पंच, आणि आवाज असा की खिडकीत बसून बोलल्या तर रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायचा. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत रंभा आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसली होती. सिंधूबाई आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "तिकडं काय भिताडाशी बोलत जेवतीस व्हय? इकडं ये. काय आणलंय बघू." रंभेच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती. सिंधूबाईंनी बोटानं घेतली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली आणि आपली अर्धी वांग्याची भाजी तिच्या भाकरीवर ठेवली. तेव्हापासून रोज तसंच. आज तुझं मी खाते, माझं तू खा. रंभा घरी आत्याला सांगायची, "आत्या, बाई मोठ्या मनाची हाय." आत्या म्हणायची, "बघू."

घोडं अडलं ते हौसरावांपाशी. हौसराव कचेरीतले शिपाई. वाईट माणूस नव्हे, पण जिभेला हाड नाही. एका सकाळी साहेबांनी विचारलं, "हौसराव, आज वार कोणता?" हौसरावांनी रंभेकडे पाहिलं आणि खुशाल म्हणाले, "ओव्हाळबाई निळीवर काळ्यात हायत. म्हंजी बुधवार, साहेब."

सगळे हसले. साहेबही हसले. रंभाही हसली, कारण न हसून काय करणार? पण तिचे कान लालभडक झाले. तीन ब्लाऊज, पिना, मोकळे पदर, सगळी विद्या मातीत. सगळ्यांना सगळं दिसत होतं. ते फक्त बोलले नव्हते इतकंच. हसला नाही एकच माणूस, सिंधूबाई. त्या मान वर करून म्हणाल्या, "तुमचा खाकी डगला बघून साल तरी कळतंय का, हौसराव?"

रविवारी रंभा दौंडला गेली तेव्हा तिनं ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. वडील हसले आणि खोकत बसले. आई हसली नाही. जेवणं झाल्यावर तिनं पेटी उघडली आणि तळातून आपलं इरकली लुगडं काढलं. चिंतामणी रंगाचं, रुंद काठाचं, लालभडक पदराचं. रेल्वेत पक्के झाले त्या साली सावळारामांनी ते सोलापुराहून आणलं होतं. पांढरं लुगडं वंदनेचं आणि हे मिरवायचं, अशी आईची दोनच ठेवणीतली लुगडी.

"आई, नऊवारी नेसून कचेरीत कशी जाऊ?"

"तुला कोण नऊवारी नेस म्हणतंय?" म्हणत आईनं शेजारून कात्री मागून आणली. लुगडं जमिनीवर अंथरलं, हातानं वार मोजले, पदराकडून साडेपाच वार धरले आणि कात्री लावली. रंभा "आई, आई" म्हणेपर्यंत काठ कापलासुद्धा गेला होता. उरलेल्या तुकड्यात दोन ब्लाऊज बसणार होते, बाह्यांवर काठ येईल असे. आईनं कापलेली कड हातात धरून ओठ घट्ट मिटून दुमडली आणि टीप घालायला बसली. आपण नेसायचं लुगडं कापताना ती रडली नाही. रंभाच रडली.

इरकल नेसून रंभा कचेरीत गेली आणि त्या दिवशी हौसरावांना वार सांगता येईना. सिंधूबाई तर तिला गोल फिरवूनच थांबल्या. काठ बोटांत घेऊन म्हणाल्या, "अगं बया! अस्सल हाय. माझ्या आईचं हुबेहूब असंच व्हतं, ती गेली तवा तिच्यासंगट गेलं. आता असलं मिळत न्हाई, रंभा. जप." रंभेच्या डोक्यावर दिवसभर जणू छत्र धरलं होतं. तीन साड्या! आठवड्याला प्रत्येकीचे दोन दिवस. सुख म्हणजे आणखी काय असतं?

महिनाभरच टिकलं ते. एका सकाळी उशीर झाला म्हणून तिनं सुती साडीवर फिरवायचा तो रसरशीत तांब्या घाईघाईत नायलॉनवर टेकवला. फस्स करून आवाज झाला, वास सुटला, आणि तांब्या उचलला तर त्याच्या बुडाएवढं भोक. कडा आक्रसून तपकिरी झालेल्या. नायलॉनला रफू होत नाही. तिनं भोक निऱ्यांत दडवून ती साडी नेसली. कचेरीत फडताळावरची फाईल काढायला स्टुलावर चढली तेव्हा निऱ्या पसरल्या आणि खाली उभ्या असलेल्या सिंधूबाईंना सगळं दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत. सिंधूबाई काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे रंभेला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना सिंधूबाईंनी एक भलं मोठं बोचकं रंभेच्या टेबलावर आणून ठेवलं आणि गाठ सोडली. चार साड्या. वरची पिवळी, जर्द हळदीच्या रंगाची. "घे," त्या म्हणाल्या. "नेसून नेसून मऊ झाल्यात. मला आता असले रंग शोभत न्हाईत. तुला बघ कशा खुलतील!"

रंभेनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

"नगं, बाई."

"नगं काय नगं? लाजतीस कशापायी?"

"घ्या की, ओव्हाळबाई," हौसराव बाकावरून म्हणाले. "सगळा आठवडा भागंल तुमचा."

कचेरीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती. रंभेला टेबल दिसेना. तिला पायरी दिसत होती, तिच्या खाली उभ्या बायका दिसत होत्या आणि जांभळ्या लुगड्यातली एक लहान पोर दिसत होती. ती म्हणाली, "मी कुणाचं उतरलेलं नेसत न्हाई." तिला हळू म्हणायचं होतं. आवाज चढला.

सिंधूबाईंचा चेहरा पडला. त्या चौघी बहिणी. माहेरी एकीची साडी दुसरीनं ओढून नेसायची, त्यावरून भांडायचं, पुन्हा द्यायची, यात त्यांचं लहानपण गेलं होतं. आपली नेसलेली साडी देणं म्हणजे त्यांच्या लेखी माणसाला आपलं म्हणणं. लग्नानंतर त्यांच्या आयुष्यात अशी साडी द्यावी असं कुणी आलंच नव्हतं, आणि आज आलं तर तिनं सगळ्यांच्या देखत तोंडावर फेकली. "उतरलेलं?" त्या एवढंच म्हणाल्या. गाठ बांधली आणि बोचकं उचलून नेलं. त्या दिवशी त्यांनी आपली भाजी एकटीनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशीही तसंच आणि तिसऱ्या दिवशीही. फाईल द्यायची झाली तर हौसरावांच्या हाती. रंभेच्या डब्यातली चटणी उरायला लागली.

रविवारी आईला तिनं सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलंस." मग परात पुढं ओढत विचारलं, "मग त्वांड का पाडलंयस?"

"बाई चांगली हाय, आई. तिनं मुद्दाम न्हाई केलं."

"मुद्दाम कुणीच करत न्हाई," आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. दोघींचंही बरोबर होतं, आणि ती मधल्यामधे चेपली जात होती. आईचा शब्द मोडायचा नव्हता आणि कचेरीत जिनं तिला माणूस म्हणून शेजारी बसवलं ती बाईही गमवायची नव्हती. एसटीत बसून शिरूरला परत येताना ती हाच विचार उलटसुलट करत होती. न्हावऱ्याच्या थांब्यावर गाडी थांबली, शेजारच्या बाईनं डबा उघडला, आणि वांग्याच्या भाजीचा वास आला. रंभेला एकदम वाटलं, सिंधूबाईची भाजी मी रोज खाल्ली. तेव्हा मला कुणाचं घेतलं असं एकदाही वाटलं नाही. का? कारण माझी चटणीही तिच्या पोटात जात होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती सिंधूबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आईची गोष्ट तिनं पहिल्यापासून सांगितली, पायरीपासून ओढ्याच्या वाटेपर्यंत. सिंधूबाईंनी मान वर केली नाही, पण लेखणी खाली ठेवली. शेवटी रंभा म्हणाली, "बाई, तुमची पिवळी साडी मी घेते. पण माझी एक तुम्ही घ्यायची. आन् नेसून कचेरीत यायचं."

"कंची?"

"इरकल."

सिंधूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद होता आणि त्याच्या मागोमाग भीतीही आली, ती रंभेनं पाहिली. घरी सासू होती, जावा होत्या, गाव होतं. बौद्धवाड्यातल्या पोरीच्या अंगावरची साडी पंचाच्या बायकोनं नेसायची! "बघते," त्या म्हणाल्या.

मंगळवारी अदलाबदल झाली. रंभेनं पिवळी ट्रंकेत ठेवली, पण सिंधूबाई इरकल नेसून येत नाहीत तोवर आपण ती नेसायची नाही असं ठरवलं. आणि सिंधूबाई काही ती नेसून येईनात. बुधवारी चॉकलेटी, गुरुवारी आकाशी, शुक्रवारी फुलाफुलांची, पुढच्या सोमवारी पुन्हा चॉकलेटी. रोज सकाळी दारात त्यांची सावली पडली की रंभा आधी काठ बघायची. रोज मन खट्टू व्हायचं. ती आता एका निळ्या साडीवर आणि एका भोकाच्या नायलॉनवर आली होती. हे दुःख नव्हतंच. आईनं कात्री लावून दिलेलं लुगडं तिनं आईला न विचारता देऊन टाकलं होतं, आणि ते चार मैलांवर कुणाच्या तरी गोठ्याच्या खुंटीवर लोंबत असेल, या विचारानं तिला अन्न गोड लागत नव्हतं. त्यात आत्या म्हणाली, "शनिवारी भागी येतीय. ज्वारीचं पीठ घेऊन येणार हाय."

शुक्रवारी कचेरी सुटताना रंभेनं मनाचा हिय्या केला. "बाई, उद्या आई येणार हाय. आत्या कामावर असती, तवा किल्लीसाठी ती हितंच येईल. माझी इरकल परत द्या. तुमची पिवळी मी आणलीय." तिनं पिशवीतून घडी काढून पुढं केली.

सिंधूबाई लालबुंद झाल्या. घडीला त्यांनी हात लावला नाही. "उद्या आणते," म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

शनिवारी अर्धा दिवस. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, सिंधूबाईंचा पत्ता नाही. रंभेनं एकच ओळ चारदा टाईप केली आणि चारदा चुकली. मग बाहेर हौसरावांचा आवाज मधेच तुटला. रंभेनं वर पाहिलं. दारात चिंतामणी रंग, रुंद काठ आणि लाल पदर. सिंधूबाईंनी केसांत अबोलीचा गजरासुद्धा माळला होता. हौसरावांचं तोंड उघडं ते उघडंच.

"काय हौसराव," सिंधूबाई रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज वार कोणता?"

हौसरावांना वार सांगता आला नाही. सिंधूबाई सरळ रंभेच्या टेबलापाशी आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "इतके दिवस माझी छाती झाली न्हाई, रंभा. खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी घडी गोठ्यात ठिवली व्हती. काल रातच्याला म्या ती आणली, धुतली, आन् आज सगळ्यांच्या म्होरं नेसून निघाले. येताना गाडीत दोघींनी विचारलं कुठनं आणली. म्या सांगितलं." मग खुर्चीवर बसल्या आणि पदरानं कपाळ पुसलं.

बारा वाजता भागुबाई आली. डोक्यावर पिठाची पाटी, हातात पिशवी. पाटी बाहेर उतरवून ती दाराच्या उंबऱ्याशी थांबली. सरकारी कचेरीत ती उंबऱ्याशीच थांबायची, वर्षानुवर्षांची सवय. तिनं लेकीला शोधायला आत पाहिलं आणि तिची नजर आधी लाल पदरावर गेली.

रंभेची पाचावर धारण बसली. आईनं काठ पाहिला. टीप पाहिली, जी तिनं स्वतः घातली होती. मग ती साडी नेसलेल्या बाईचं तोंड पाहिलं, गळ्यातला भरगच्च सोन्याचा साज पाहिला. तीस वर्षांपूर्वी ओढ्याच्या वाटेवर ऐकलेले शब्द आता तिच्या स्वतःच्या ओठांवर आले असतील, रंभेला ते जवळजवळ ऐकू आले.

सिंधूबाई उठल्या. आपली खुर्ची पुढं ओढली. "या, आत या. बसा. ही तुमचीच हाय," पदर हातात घेऊन त्या म्हणाल्या. "रंभेनं मला दिलीय. माझी पिवळी तिला दिलीय म्या."

भागुबाई आत आली. बसली नाही. सिंधूबाईंच्या अगदी जवळ जाऊन तिनं लाल पदर चिमटीत धरला. रंभेनं डोळे मिटले.

"बाई," भागुबाई म्हणाली, "पदर आखूड सोडलाय तुम्ही. इरकलीचा पदर लांब सोडायचा. टोपाची नक्षी दिसाया पायजे." आणि खांद्यावरच्या निऱ्या मोकळ्या करून तिनं पदर वीतभर खाली ओढला, झटकला, पुन्हा बसवला. सिंधूबाई हलल्या नाहीत. आई वेणी घालत असताना पोर उभी राहते तशा त्या मान खाली घालून उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मागं होऊन भागुबाईनं एकवार नीट पाहिलं. "आता बरं दिसतंय," ती म्हणाली. "जय भीम." सिंधूबाईंनी दोन्ही हात जोडले.

घरी येईपर्यंत आई पिठाची पाटी घेऊन पुढंच चालत राहिली. रंभा किल्ली फिरवताना चाचरत म्हणाली, "आई, तुला न विचारता..."

"तांब्या कुठाय?" आईनं विचारलं.

चूल पेटली. आईनं निखारे भरले, फडक्यानं तांब्याचा गळा धरला आणि रंभेच्या पिशवीतली पिवळी घडी काढून चटईवर पसरली. तांब्या आधी तिनं आपल्या स्वतःच्या लुगड्याच्या कोपऱ्यावर टेकवून पाहिला. मग सावकाश, काठापासून काठापर्यंत, ती पिवळी साडी इस्त्री करत गेली. इरकलीच्या तुकड्याचा ब्लाऊज तिनं वर ठेवून पाहिला. बाह्यांचा काठ पिवळ्यावर उठून दिसत होता.

"सोमवारी ही नेस," ती म्हणाली.

रंभा तिच्या शेजारी बसली. आणखी काहीतरी येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आईनं घडी घातली, हातानं दाबली आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

"आन् त्या बाईला सांग," आई म्हणाली, "इरकल धुतल्यावर उन्हात टाकू नगं. सावलीत वाळवायची. रंग जातो."